बसवलेला रुग्ण

"एकदा बसवले की हलवायचे नाहीत, हे सगळ्यांनी लक्षात ठेवा. बाथरूम मखरातच धरलंय, तेवढी सूट आहे."

सुजाताताईंचा हा आवाज मला अजून ऐकू येतो. आवाज गोड आहे त्यांचा, आरतीत उठून दिसतो. घटस्थापनेच्या सकाळी हातात अक्षता घेऊन त्या हे बोलल्या आणि आम्ही पाचही जणींनी माना डोलावल्या. ऐकणाऱ्याला वाटेल गणपतीबद्दल चाललंय किंवा देवीबद्दल. तसं नव्हतं. चाललं होतं ते विष्णू परबबद्दल. हा देवगडकडचा एक तिशीचा माणूस होता, एसीचे डक्ट बसवणारा, आणि त्या वेळी आमच्यासमोर पलंगावर पावलापासून गुडघ्यापर्यंत प्लास्टर घालून बसला होता. त्यानेही मान डोलावली. दुसरं काय करणार बिचारा.

मुळात आमच्या दुबईत चातुर्मास आषाढात लागत नाही. आषाढात मुलांच्या शाळांना सुट्टी असते, सगळ्याजणी पुण्या-मुंबईला माहेरी असतो, आणि आईच्या हातचं आयतं जेवताना कुठला नेम पाळायचा. आमचा चातुर्मास शाळा उघडल्यावर लागतो आणि सुट्टीत कोण कुठे जाऊन आलं त्यावर त्या वर्षीचं व्रत ठरतं. मागल्या वर्षी एकजण केरळात पंचकर्म करून आली, तर आख्ख्या गटाने तिळाच्या तेलाच्या गुळण्यांचं व्रत केलं. उद्यापनाला सवाष्णींना तेलाच्या बाटल्या दिल्या होत्या. माझी अजून आहे.

या वर्षी सुजाताताई आणि त्यांचे यजमान संजय ग्रीसला गेले होते. तिथल्या ऱ्होड्स नावाच्या बेटावर त्यांनी एक जुनं रुग्णालय पाहिलं. व्रतस्थ सरदारांच्या एका पंथाने पाच-सहाशे वर्षांपूर्वी बांधलेलं, आता तिथे म्युझियम आहे. परतल्यावर त्यांच्या व्हिलात, टीव्हीच्या मोठ्या पडद्यावर, संजयनी आम्हाला सगळं दाखवलं. लांबलचक दगडी दालन, भिंतीला कमानी, मध्येच प्रार्थनेची जागा, म्हणजे रुग्णाला पडल्या पडल्या देव दिसावा. त्या दालनासमोर संजय, सुजाताताई, परत संजय, मग दोघं.

सांगतात छान ते. त्या पंथात मोठमोठ्या घराण्यांची मुलं शपथ घेऊन यायची आणि रोग्यांची सेवा करायची. रोगी दाराशी आला की आधी त्याने आपल्या पापांचा पाढा वाचायचा, मग त्याला बिछान्यावर न्यायचं, आणि तिथून पुढे तो धनी, हे चाकर. त्याला वाढल्याशिवाय सेवकांनी जेवायचं नाही. "अवर लॉर्ड्स, द सिक," असं म्हणायचे ते रोग्यांना, संजय म्हणाले. लॉर्डला मराठीत काय म्हणायचं यावर थोडी चर्चा झाली. आमच्या ह्यांनी, सुरेशनी, वेफर्स खाता खाता सुचवलं, "मालक म्हणा." ते सगळ्यांना आवडलं.

सुजाताताईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. संजयच्याही आवाजाला कंप होता. ते डक्टच्या कंपनीत ऑपरेशन्स मॅनेजर आहेत आणि कामगारांना त्यांची भेट मिळायला दोन सुपरवायझर आणि एक पीआरओ ओलांडावे लागतात. पण ते ऑफिस झालं. हे अध्यात्म होतं.

तर व्रत ठरलं. घटस्थापना ते तुळशीचं लग्न, रुग्णसेवा. चॅरिटी हा शब्द कुणी उच्चारायचा नाही, कारण त्याला इथे परवानगी लागते. सेवेला लागत नाही. मोतिया रंगाची, लाल काठाची साडी ठरली, छातीवर छोटा बिल्ला, बिल्ल्यावर कमळात पाऊल. साड्या सुरतेहून आल्या, बिल्ले शारजाहून आले. उरला रुग्ण.

रुग्ण मिळवणं इतकं अवघड जाईल असं वाटलं नव्हतं. कुणीतरी म्हणालं, मुहैस्नाहला जाऊ, तिथे कामगारांचे एवढे मोठे कॅम्प आहेत, आजारी माणसांना काय तोटा. पण तिथे पार्किंगचं काय, आणि रोजचं एवढं ड्रायव्हिंग. शिवाय रुग्ण मराठी हवा होता, निर्व्यसनी हवा होता, आजार संसर्गाचा नको आणि बघवणारच नाही असाही नको. आमच्यातल्या अस्मिताने आपल्या सासूबाई सुचवल्या, त्यांचे गुडघे गेलेत. पण सासूबाई स्पष्ट बोलतात हे सगळ्यांना ठाऊक होतं, त्यामुळे तो विषय कुणी पुढे नेला नाही.

शेवटी देवालाच काळजी. संजयच्याच कंपनीत, त्यांच्याच साइटवर, विष्णू शिडीवरून पडला आणि त्याचा उजवा घोटा मोडला. ऑपरेशन होऊन पट्टी-स्क्रू बसले होते. शिडीला काय झालं होतं याची कंपनीत चौकशी चालू होती. ती अजून चालू आहे. विष्णू स्टाफच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहायचा, संडास पॅसेजच्या पार टोकाला, त्यामुळे साहेबांच्या बंगल्यात खालची खोली मिळतेय म्हटल्यावर तो हात जोडून आला. मलाही वाटलं, बरं झालं पोराचं.

आल्या आल्या आधी पापं विचारायची होती. ते काम संजयनी केलं, खुर्ची ओढून, अगदी मायेने. "विष्णू, मनात काही असेल तर मोकळं बोल. काय चुकलं असेल ते सांगून टाक."

विष्णूचा चेहरा उतरला. "साहेब, शिडी माझी नव्हती. मला ती दिली होती."

संजय म्हणाले, ते नाही रे, ते राहू दे, दुसरं काही. विष्णूने बराच विचार केला आणि सांगितलं की तो मासे खातो. सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला. हे पाप आम्हाला पेलण्यासारखं होतं.

मग स्थापना. पलंगाला झेंडूच्या माळा, डोक्याशी घट, सुजाताताईंनी अक्षता टाकल्या, आवाहन केलं. आणि मग ते वाक्य, जे मी आधीच सांगितलं. शास्त्रच आहे तसं, प्रतिष्ठा झालेली मूर्ती उत्तरपूजेशिवाय जागची हलवत नाहीत. मूर्तीचं शास्त्र माणसाला कुठवर लावायचं, हा प्रश्न त्या दिवशी कुणाला पडला नाही. मला पडला असता तरी मी बोलले नसते. माझा आवाज मुळातच लहान आहे आणि अक्षतांच्या वेळी तर आणखी लहान होतो.

घरी आल्यावर माझी मुलगी अनन्या म्हणाली, "मॉम, ही इज नॉट अ गणपती. ही हॅज अ फ्रॅक्चर." मी तिला म्हटलं, श्रद्धेच्या गोष्टीत असं बोलू नये.

पहिले काही दिवस फार छान गेले. पाळ्या ठरल्या. सुजाताताईंनी त्यांच्या रुखवतातलं चांदीचं ताट काढलं, कारण त्या बेटावरच्या पंथाचं जे काही संजयनी वाचलं होतं त्यात कुठेतरी चांदीची भांडी होती. चांदीच्या ताटात दुधीची भाजी फार केविलवाणी दिसते, पण रुग्णाला सात्त्विकच द्यायचं होतं. विष्णूने एकदा, अगदी हळू, बांगड्याची चौकशी केली होती. त्याला सांगितलं, उद्यापनानंतर.

घोटाळा झाला तो जेवणाच्या नियमात. मालक जेवल्याशिवाय भगिनींनी, म्हणजे आम्ही, जेवायचं नाही. आता मालक पलंगावर पडून, त्यांना भूक कशी लागणार? ते म्हणत, दोन वाजता जेवतो. इकडे पाच घरांत पाचजणी पाट मांडून बसलेल्या. अस्मिताला शुगर आहे. साडेबारापासून ग्रुपवर सुरू व्हायचं, "मालक जेवले का?" "मालकांना आग्रह करा." "मालकांना सांगा, अस्मिताला घेरी येतेय." मग जेवण एकवर आलं, बारावर आलं, अकरावर आलं. दसऱ्याच्या सुमारास विष्णूला साडेदहालाच ताट जायला लागलं, नाश्त्याची ताटली उचलता उचलता. तो बिचारा भातावर भात ढकलायचा आणि शेवटचा घास गिळला की ग्रुपवर घंटेचं चित्र पडायचं आणि पाच घरांत पानं वाढली जायची. आमच्यातल्या कुणाचंच वजन त्या व्रतात वाढलं नाही. त्याचं वाढलं.

फोटोही निघत. इथे कुणाचा चेहरा त्याला न विचारता टाकणं कायद्यात बसत नाही, म्हणून फक्त पायाचा काढायचे. प्लास्टरला हळद-कुंकू, प्लास्टरपाशी निरांजन, प्लास्टरवर झुकलेल्या मोतिया साड्या. अबू धाबीपर्यंत तो पाय प्रसिद्ध झाला. तिथल्या मंडळाला अशीच शाखा काढायची होती, त्या बायका उद्यापनाला बघायला येणार असं ठरलं.

दसऱ्यानंतर प्लास्टर निघालं. मालकांना हलवायचं नव्हतं म्हणून संजयनी डॉक्टरांनाच घरी बोलावलं. डॉक्टरांनी पाय पाहिला, हाड छान जुळलंय म्हणाले, पट्ट्यांचा एक काळा जाड बूट दिला आणि सांगून गेले, हा घालून आता चालायला लागा, फिजिओथेरपिस्ट पाठवतो. डॉक्टर गेले. सुजाताताईंनी बूट हातात घेऊन उलटसुलट पाहिला. मग चौरंगावर लाल वस्त्र घालून त्यावर ठेवला आणि त्याला कुंकू लावलं. पादुका म्हणून. मी स्वतः त्यावर शेवंती वाहिली आहे, खोटं कशाला बोलू.

फिजिओथेरपिस्ट आला तो अर्सलान, पेशावरकडचा, उंचच्या उंच, आत येताना दाराच्या तोरणात त्याचं डोकं अडकलं. त्याने विष्णूचा घोटा हातात घेतला, वर-खाली करून पाहिला, आणि मग चौरंगावरच्या बुटाकडे पाहिलं. सुजाताताईंना तो त्यांच्या पद्धतीने ताई म्हणून हाक मारत म्हणाला, "बाजी, पाँव को ज़मीन चाहिए. रोज़. नहीं तो टखना जाम हो जाएगा, फिर खलास, सारी उम्र लंगड़ाएगा."

सुजाताताई हसून म्हणाल्या, इन्शाल्ला, उद्यापन झालं की लगेच. अर्सलान म्हणाला, उद्यापन कब है? तुळशीच्या लग्नाला अजून तीन आठवडे होते. त्याने मान हलवली, पलंगावरचे व्यायाम दाखवले आणि जाता जाता दारात मला म्हणाला की पलंगावरचे व्यायाम म्हणजे पोहणं गादीवर शिकवण्यासारखं आहे. तो गेल्यावर सुजाताताई म्हणाल्या, त्यांच्यात स्थापना नसते ना, त्याला कसं कळणार.

नोव्हेंबर लागला. उन्हाळाभर घरात कोंडलेली आमची सगळी वस्ती नोव्हेंबरात बाहेर पडते. सकाळी तळ्याभोवती माणसांची रांग लागते. आमच्या भगिनीही रोज चालतात, हाताला घड्याळं, पायात चांगले बूट, कोणाची किती पावलं झाली ते ग्रुपवर. ती वाट सुजाताताईंच्या खालच्या खोलीच्या खिडकीवरून जाते. जाताना आम्ही मालकांना हात करायचो. तेही पलंगावरून हात करायचे. मला एक-दोनदा वाटलं की ते आमच्या हाताकडे बघतच नाहीत, पायांकडे बघतात.

दिवाळीत एका दुपारी तो आपण होऊनच उठला. पलंगाची कड धरून, मोडका पाय जमिनीवर टेकवला. नेमकी अस्मिता प्रसाद घेऊन आली. तिच्या हातून वाटी पडली. व्रत मोडलं की नाही यावर दोन दिवस ग्रुपवर चर्चा झाली. शेवटी ठरलं की पाय टेकला पण पाऊल पडलं नाही, तेव्हा प्रायश्चित्त म्हणून सगळ्यांनी एक जादा उपास करायचा. मालक आधी जेवणार, त्यामुळे उपासही आधी त्यांनीच केला. त्या दिवशी मीच साबुदाणा नेला होता.

मी हा विषय काढला नाही असं नाही. पुढच्या भजनानंतर मी सुजाताताईंना बाजूला घेऊन म्हटलं की उत्तरपूजा करून आधी सोडता येतंच ना, गणपती नाही का कुणाचा पाच दिवसांचा असतो, कुणाचा सात. त्याच्या पायाचा प्रश्न आहे. त्यांनी माझा हात हातात घेतला. त्यांचे हात फार मऊ आहेत.

"तुझं मन कोमल आहे गं, विभावरी. पण अबू धाबीच्या बायका रुग्णसेवा बघायला येतायत. बरा झालेला माणूस काय, कुणीही दाखवेल."

संजय तिथेच होते. त्यांनी समजावून सांगितलं की आपण आजच्या डोक्याने विचार करतो म्हणून असं वाटतं. त्या पंथाच्या रुग्णालयात लोक येत, पडून राहत, देवाकडे बघत, कैक तिथेच शांतपणे जात. बरं होणं हा त्या काळी मुख्य मुद्दाच नव्हता. सेवा करणाऱ्याच्या आत्म्याचं काय होतं हा मुद्दा होता.

मी म्हटलं, हो का. ग्रीसला जाऊन त्यांनी तेवढं मात्र अगदी नीट समजून घेतलं होतं.

बुधवारी माझी पाळी होती. साडेदहाचं ताट घेऊन गेले. सुजाताताई फुलांसाठी बर दुबईच्या बाजारात गेल्या होत्या. विष्णू उशीला टेकून बसला होता, आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की तो आला तेव्हापेक्षा खरोखरच आजारी दिसत होता. गाल फुगलेले, रंग उडालेला. उजवी पोटरी डावीच्या निम्मी झाली होती. मी ताट ठेवलं. त्याने हात लावला नाही.

"वहिनी, आमच्याकडे दीड दिवसाचा असतो," तो म्हणाला. "मला तसा बसवला असता तर?"

मला हसू आलं. त्यालाही आलं. मग त्याने पांघरूण बाजूला केलं आणि पाऊल वर ओढायचा प्रयत्न केला. कपाळावर शीर उठली. पाऊल हललं नाही. दाराच्या बिजागरीला गंज चढावा तसं होतं ते.

"शिडीच्या पायरीवर पाऊल असं वाकावं लागतं. नाही वाकलं तर साहेब मला ठेवणार नाहीत. त्यांचा दोष नाही, त्यांना शिडीवर चढणारा माणूस लागतो. घरी पाठवतील." तो ताटाकडे बघत होता. "गावाला नारळावर चढायचं तर तिथे पण पाऊलच लागतं."

मी विचारलं, हे तू सुजाताताईंना सांगितलंस का. म्हणाला, सांगितलं. त्या म्हणाल्या, व्रत पुरं होऊ दे, देव भरभरून देईल. साहेबांना सांगायचा तर प्रश्नच नव्हता. ते रोज संध्याकाळी येऊन पाया पडायचे. जो माणूस रोज आपल्या पाया पडतो त्याला पायाची तक्रार कशी सांगायची, हे त्याला समजत नव्हतं. मलाही समजलं नसतं.

बाहेर एसीचा आवाज येत होता. माझ्या घरी पान वाढलेलं असणार, अस्मिता पण घड्याळ बघत असणार. मोबाइल पर्समध्ये थरथरला. मी तो काढला नाही.

"उद्या सकाळी मी येते," मी म्हटलं. "आपण चालू. गेटपर्यंत तरी."

"ताईंना विचारून?"

"नाही."

एवढ्या दिवसांत त्याला आमच्याकडून किती आश्वासनं मिळाली होती, आणि सगळी देवाच्या नावावर. हे नुसतं माझ्या नावावर होतं, त्यामुळे त्याला त्याचं वजन कळेना.

"नक्की?"

"नक्की. आता दोन घास खा, नाहीतर अस्मिता पडेल."

संध्याकाळी मी अर्सलानला फोन केला. त्याला उगाच गोल गोल सांगावं लागलं नाही. म्हणाला, सात वाजता माझी पहिली व्हिजिट तुमच्याच भागात, डीआयपीत आहे, त्याआधी गेटवर येतो, पहली बार किसी जाननेवाले को पकड़ना चाहिए. इन्शाल्ला येतो म्हणाला. मी म्हटलं, भैया, इन्शाल्ला आमच्याकडे खूप झालं, तुम्ही साडेसहाला या. तो खो खो हसला आणि म्हणाला, आऊँगा बाजी, पक्का.

सुरेशना जेवताना सांगितलं. ते म्हणाले, थांब ना, बारा-तेरा दिवसांचा तर प्रश्न आहे, संजयशी उगाच वाकडं कशाला. त्यांना संजय मंडळाच्या क्रिकेट टीममध्ये ओपनिंगला पाठवतात. मी म्हटलं, बरं. मी बरं म्हटलं की त्याचा अर्थ हो असा नसतो हे वीस वर्षांत त्यांना कळलेलं नाही. अनन्याला कळलं असावं. ती ताट उचलता उचलता म्हणाली, "डू यू वॉन्ट मी टु कम?" मी म्हटलं, तुझी बस असते. त्या वयाच्या मुलीला अशा कामात ओढू नये. आणि खरं सांगायचं तर पकडले गेलेच तर एकटीनेच पकडलं जावंसं वाटत होतं.

काय होईल ते मला माहीत होतं. ग्रुपवर आधी कुणी काही लिहिणार नाही. मग सुजाताताई हात जोडल्याचं चित्र टाकतील. मग अस्मिता लिहील की काही लोकांना व्रत झेपत नाही त्यात त्यांचा दोष नाही. उद्यापनाला मला बोलावतील, बोलावतीलच, आणि माझी ओटी शेवटी भरतील. अबू धाबीच्या बायकांना सांगतील की आमच्याकडे एक विघ्न आलं होतं. त्यांना बघायला काहीतरी हवंच, तर अस्मिताच्या सासूबाईंना पलंगावर बसवतील, आणि त्या स्पष्ट बोलतील. हे शेवटचं डोक्यात आलं तेव्हा मला अंथरुणात हसू फुटलं आणि सुरेश कूस बदलून म्हणाले, काय झालं.

सकाळी नेहमीसारखी आंघोळ करून देवापुढे बसले. रोज दिवा, जप, पोथीचा अध्याय, मग चहा, असा माझा क्रम आहे. लग्नाआधीपासूनचा. दिवा लावला. माळ हातात घेतली तर खिडकीतून खालच्या वाटेवर मोतिया साड्या नाही, ट्रॅकसूट दिसले. सुजाताताई पुढे, अस्मिता मागे, हात जोरात हलवत तळ्याकडे निघाल्या होत्या. त्यांना पुरा फेरा मारून परत यायला बराच वेळ लागतो, मध्ये बाकावर बसून त्या बोलतात. संजय उठत नाहीत इतक्या लवकर. मागचं दार त्यांची कामवाली उघडते, तिला मी काल सांगून ठेवलं होतं. ती नुसती म्हणाली होती, अच्छा है मॅडम.

मी माळ ठेवली. अध्याय संध्याकाळी वाचते असं देवाला सांगितलं. त्याने काही हरकत घेतली नाही, निदान मला तरी ऐकू आली नाही.

पिशवीत सुरेशचा जाडा पायमोजा घेतला, कारण तो बूट नुसत्या पायाला काचेल. एक ओलं फडकं घेतलं, कुंकू पुसायला. पाण्याची बाटली घेतली. गेल्या वर्षीच्या बाटलीतलं तिळाचं तेलही घेणार होते, पण अर्सलान काय म्हणेल कोण जाणे, म्हणून ठेवून दिलं. मोबाइल चार्जिंगलाच राहू दिला.

सुरेश आतून म्हणाले, "वॉकला?"

"हो," मी म्हटलं, आणि ते खरंच होतं.

लिफ्टमध्ये कुणी नव्हतं. खाली हवा छान होती, फुटपाथवर माळ्याने नुकतंच पाणी मारलं होतं. तळ्याकडून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. सरळ गेलं की तळं लागतं. मागच्या गल्लीने थोडा वळसा पडतो, पण कुणी भेटत नाही. मी चपलांचा आवाज होऊ न देता मागच्या गल्लीने निघाले.